फाल्गुनातला किनारा: वेळासच्या कासवांपासून गुहागरच्या शिमग्यापर्यंत

कोकणात जायचं म्हटलं की बहुतेक जण नाताळची सुट्टी नाहीतर मे महिना धरतात. मला विचाराल तर फाल्गुन गाठा. आंब्याला बाळकैऱ्या लागलेल्या असतात, काजूची बोंडं पिवळी-तांबडी होत असतात, पहाटे अजून पांघरूण लागतं. आणि मुख्य म्हणजे गावात माणसं असतात. वर्षभर कुलूप असलेली घरं गणपतीला उघडतात आणि मग उघडतात ती शिमग्याला. मुंबई-पुण्याचा चाकरमानी एक वेळ दिवाळी शहरात काढेल, पण ग्रामदेवतेची पालखी दारात येणार त्या दिवशी तो घरात हवाच.

याच दिवसांत रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर येत असतात. सकाळी कासवं आणि रात्री पालखी हे दोन्ही एकाच फेरीत जमवता येतं. आम्ही यंदा तसंच केलं. बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेळास, मग हर्णै, दाभोळ आणि शेवटी गुहागर तालुक्यातलं एक गाव.

तारखा ठरवताना सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या. कॅलेंडरमधली होळीची तारीख बघून निघालात तर अर्धा शिमगा हुकेल. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, सुरुवात होते. पण मोठा होम, म्हणजे गावची होळी, कधी लागणार हे गावागणिक वेगळं असतं. काही गावांचा शिमगा तेरसाचा, म्हणजे त्रयोदशीला, तर काहींचा भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेला. होम लावायची वेळही कुठे मध्यरात्री, कुठे पार पहाटे. त्यानंतर पालखी किती दिवस फिरणार, कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत जाणार, शिंपणं, म्हणजे शेवटी रंग शिंपायचा दिवस, कधी, हे सगळं गावकी बसून ठरवते. कुठे पाच दिवसांत देव परत देवळात जातो, कुठे पंधरवडा लागतो. म्हणून आधी राहायचं घर ठरवा, घरमालकांना फोन करून गावाचा कार्यक्रम विचारा आणि मगच सुट्टी टाका. या वेगळेपणाचा फायदाही आहे. तेरसाच्या गावात होम बघून दोन दिवसांनी भद्रेच्या गावात पुन्हा होम बघता येतो.

वेळास

हरिहरेश्वरच्या बाजूनं आलात तर बागमांडल्याला फेरीबोट मिळते. गाडी थेट बोटीत चढते आणि पलीकडे वेशवीला उतरते. तिथून बाणकोटच्या किल्ल्याखालून रस्ता वेळासला जातो. किल्ल्यावर थोडं थांबा. सावित्री समुद्राला मिळते ते मुख वरून फार सुंदर दिसतं.

वेळास हे नाना फडणवीसांच्या घराण्याचं गाव. हल्ली मात्र ते कासवांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं आणि ही ओळख गावानं स्वतः कमावली आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये इथे संवर्धनाचं काम सुरू केलं. त्याआधी वाळूतली अंडी माणसं नेत, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांत पाहुण्यांची सोय होऊ लागली. ज्या अंड्यांची पूर्वी चोरी व्हायची त्यांच्यामुळेच आज घराघरांत चार पैसे येतात. वाचून हे कळलं होतंच, पण पहाटे हातात बॅटरी घेऊन किनाऱ्यावर फिरणारा कासवमित्र स्वतःच्या शेतात फिरावं तसा फिरताना दिसला तेव्हा ते पटलं.

मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. पुन्हा वळून बघायला येत नाही. कासवमित्र तिच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणांवरून घरटं शोधतात, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू किती तापली यावर नर की मादी हे ठरतं, जास्त उष्णतेला माद्या जास्त. खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

आम्ही गेलो त्या सकाळी एका टोपलीखाली पिल्लं होती. तळहाताच्या मधोमध मावेल एवढं एकेक, पाटीच्या रंगाचं, पाठीवर ओली वाळू चिकटलेली. पाण्यापासून थोडं अलीकडे त्यांना सोडलं. ती चार पावलं टाकत, थांबत, मान वर करत, पुन्हा निघत. एका पिल्लाला लाटेनं तीनदा मागे ढकललं. चौथ्या लाटेबरोबर ते आत गेलं आणि दोरीपलीकडे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पिल्लांना उचलून थेट पाण्यात का सोडत नाहीत असं एका मुलीनं विचारलं. वाळूवरचा हा प्रवास त्यांचा त्यांनीच करायचा असतो, एवढंच तिथल्या दादांनी सांगितलं.

इथे जाणाऱ्यांनी काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. पिल्लं दिसतीलच याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. दोन मुक्काम ठेवलेत तर सकाळ-संध्याकाळ मिळून चांगली संधी मिळते, एकाच सकाळवर भरवसा ठेवू नका. साधारण सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उघडतात. फ्लॅश वापरायचा नाही, दोरी ओलांडायची नाही, पिल्लाला हात लावायचा नाही. शनिवार-रविवारी गर्दी इतकी होते की पुढच्या रांगेतली माणसं खाली बसली नाहीत तर मागच्या मुलांना काहीच दिसत नाही. जमल्यास मधल्या वारी जा. जेवण घरगुती आणि बहुतेक ठिकाणी शाकाहारी. ओल्या काजूगरांची उसळ आणि कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी याच दिवसांत मिळते, आदल्या दिवशी सांगून ठेवलीत तर नक्की.

रोख पैसे मंडणगडलाच काढून घ्या आणि गाडीत इंधनही तिथेच भरा. मोबाइलला रेंज असेलच असं नाही. एसटी येते, पण फेऱ्या थोड्या. बसनं जाणाऱ्यांनी मंडणगडहून सुटणाऱ्या गाडीची वेळ घरमालकांनाच विचारावी.

हर्णै आणि दाभोळ

नकाशावर किनारा सरळ दिसतो म्हणून अंतर कमी समजू नका. मधे खाड्या आहेत, रस्ता वारंवार आत वळतो. मनात जो वेळ धराल त्याच्या दीडपट लागतो. हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव बघितला, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला. होळीच्या तोंडावर होड्यांना नवा रंग आणि पताका लागल्या होत्या. कोळीवाड्यात होळीचं महत्त्व मोठं. पण तो घरचा सण आहे, आमंत्रण नसताना आत घुसून कॅमेरे लावू नयेत. दाभोळला चंडिकादेवीच्या गुहेत जा. आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात दर्शन घ्यायचं. तिथून वाशिष्ठीची खाडी फेरीबोटीनं ओलांडली की धोपाव्याला उतरून गुहागरचा रस्ता. सणाच्या दिवसांत बोटीला गाड्यांची रांग लागते, सकाळची बोट धरलेली बरी.

शिमगा

आम्ही राहिलो त्या गावाचं नाव देत नाही. तिथे लॉज नाही आणि पाहुण्यांची झुंड झेपेल अशी जागाही नाही. आम्हाला ओळखीतून बोलावणं होतं. तुमच्या ओळखीत कोकणातलं एक तरी घर असेलच, त्यांना सरळ विचारा, ‘यंदा शिमग्याला येऊ का?’ नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही. तसं कोणीच नसेल तर गुहागरात किंवा रत्नागिरीत राहून जवळपासच्या गावांच्या पालख्या बघता येतात. रत्नागिरी शहरात ग्रामदैवत भैरीबुवाची पालखी निघते आणि तिथे बाहेरच्या माणसाला अवघडल्यासारखं होत नाही.

होळीचं झाड आणायला सगळी वाडी जाते. कुठे आंबा, कुठे सावर, कुठे माड किंवा पोफळ, ज्या गावची जी रीत असेल ते. अख्खं झाड खांद्यावर घेऊन, आरोळ्या देत, थांबत, पुन्हा उचलत सहाणेपर्यंत, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या जागेपर्यंत, आणायचं आणि उभं करायचं. यात पंचविशीतला इंजिनिअर आणि सत्तरीतले आजोबा एकाच ओंडक्याखाली असतात. होम पेटला की नवी जोडपी नारळ अर्पण करतात. गाऱ्हाणं सुरू झालं की मोबाइल खिशात ठेवा. गुरव एकेक मागणं देवापुढे मांडतो, आजारपण, नोकरी, लग्न, पाऊसपाणी, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणतो. परगावच्या माणसाचंही नाव विचारून त्यात घेतात. आमचं घेतलं.

पालखी घरी आली ती रात्री दोनच्या पुढे. संध्याकाळपासून अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, पाट मांडलेला, घरातल्या काकू ओटीचं ताट पुन्हा पुन्हा नीट करत बसलेल्या. लांबून ढोल ऐकू यायचा, मग दुसऱ्याच घराकडे वळायचा. अखेर तो पाणंदीत शिरला. भोयांच्या पायांवर पाणी घातलं, पालखी अंगणात आली. आत देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, नवी साडी, अबोलीचे गजरे. आधी ओटी, नवसाचे नारळ, मग पालखी नाचवली. भोई घामानं निथळत होते, पण खांदा बदलायला पुढे येणाऱ्यांची रीघ होती. काकूंनी ओटी भरली आणि कपाळ पालखीच्या दांड्याला टेकवून काही क्षण तशाच उभ्या राहिल्या. वर्षभराचं काय काय त्यांनी तेवढ्यात सांगितलं असेल ते त्यांनाच माहीत. मला या सगळ्या प्रवासात देवीचं हे घरी येणं सगळ्यात मोठं वाटतं. एरवी आपण देवळात जातो, इथे देव चालत दारात येतो, श्रीमंताच्या आणि गरिबाच्याही.

दुसऱ्या दिवशी खेळे, म्हणजे घरोघरी फिरून नाचणारी मंडळी, आले आणि त्यांच्याबरोबर संकासुर. काळा पायघोळ पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. वेद पळवणाऱ्या शंखासुराची गोष्ट पुराणात आहे, मत्स्यावतारात विष्णूनं त्याला मारलं. गुहागरकडे मात्र संकासुराला माणसं वाकून नमस्कार करतात. पोरं आधी किंचाळत पळतात आणि मग लपून त्यालाच बघत बसतात. तुमच्याबरोबर लहान मूल असेल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर खरंच घाबरतं. रात्री नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, असेल तर अंथरायला काहीतरी घेऊन लवकर जाऊन बसा. मृदंग आणि झांज सुरू झाली की गण, गवळण आणि पुढचं सगळं उत्तररात्रीपर्यंत चालतं. राधेचं काम पुरुषच करतो आणि ते बघताना हसू येत नाही, इतकं ते मनापासून केलेलं असतं.

जाताना सोबत ठेवायच्या वस्तू फार नाहीत. बॅटरी, कारण पाणंदीत दिवे नसतात. सहज काढता येतील अशा चपला. सुती कपडे, त्यातला एक जोड गुलालात जाणार हे गृहीत धरून. पाण्याची बाटली, दुपारी उकाडा फार होतो. दोन-चार नारळ आणि ओटीसाठी खण. रिकाम्या हातानं गेलात तरी कोणी काही बोलणार नाही, पण ताटात आपलाही नारळ असला की आपण नुसते बघे राहत नाही. खांदा द्यायची इच्छा असेल तर आधी मानकऱ्यांना विचारा. बऱ्याच गावांत पालखी कोणी, कुठपर्यंत उचलायची याचे मान ठरलेले असतात. फोटोचंही तसंच, रूपं लावतानाचा विधी बहुतेक ठिकाणी टिपू देत नाहीत.

रेल्वेनं जाणार असाल तर वेळास-दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि शिमग्याच्या गाड्या त्याच दिवशी भरतात. नाही मिळालं तर सणाच्या जादा गाड्यांवर लक्ष ठेवा. एसटीही जादा बस सोडते. स्वतःच्या गाडीनं येणाऱ्यांनी माणगावची कोंडी टाळायला मुंबईहून पहाटे निघावं. परतताना होळीनंतरचा रविवार टाळा, त्या दिवशी सगळं कोकण एकाच रस्त्यावर असतं. सोमवारी निघालात तर रविवारी एखाद्या गावचं शिंपणंही बघून होईल.

आणि यंदा शिमगा जमलाच नाही तर चैत्रात केळशीला या. पाडव्यानंतर तिथे महालक्ष्मीचा उत्सव असतो आणि वेळास-आंजर्ल्याला तेव्हाही काही घरटी उघडायची राहिलेली असतात. उकाडा जास्त असेल, पण तोवर पहिला हापूस उतरलेला असतो.