टांगलांग लाचा फोटो

लेह. सगळे घोरताहेत, मी जागा.

फोटोत मी नाही. एवढंच. टांगलांग ला या खिंडीच्या पाटीसमोर झाडून सगळे उभे आहेत, ५,३२८ मीटरवर, आणि मी नाही.

बाइकच्या ताफ्यात मी स्वीप होतो. स्वीपने शेवटीच राहायचं, कोणी मागे सुटलं तर बघायचं. मनालीत ठरलं तेव्हा छाती फुगली होती. आता वाटतंय, हा विश्वास होता की मी तसाही मागेच असतो म्हणून सोय?

गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर सगळे नीट रांगेत होते. पांगच्या पुढे मोरेचं मैदान लागलं, सपाट डांबर दिसलं आणि उधळले. मन्याच्या कॅरिअरवरून पेट्रोलचा कॅन घसरून पडला. तांदीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी वाचून त्यानेच हट्टाने भरून घेतलेला. त्याला पत्ताच नाही. मी थांबलो, उचलला, बांधला. वर पोचलो तर हे हेल्मेटं चढवून निघायच्या बेतात. "परत काढूया का?" असं कोणीतरी म्हणालं, पण गाडीवरून कोणी उतरलं नाही.

मान्य, एवढ्या उंचीवर रेंगाळू नये. सरचूच्या तंबूत रात्रभर डोकं ठणकलं होतं, सगळ्यांचंच. पण एक मिनिट? कॉलेजपासून हे असंच. सहलीच्या बसमध्येसुद्धा... जाऊ दे. बारालाचावर बाबांची आठवण आली, तेही राहू दे.

पण एक मिनिट थांबले असते तर काय बिघडलं असतं?

माझं प्रीपेड कार्ड इथे चालत नाही. हॉटेलच्या वायफायवर आत्ता कुठे ग्रुप उघडला. मन्याने तो फोटो माझ्या घरीही पाठवलाय. वाकडा आलाय, पाटीचा कोपरा कापलेला, सगळ्यांची तोंडं मफलरात, नुसते डोळे दिसताहेत. आईचं उत्तर: "डावीकडून दुसरा ना तू? किती वाळलायस! जेवतोस ना?"

डावीकडून दुसरा मन्या आहे.

बराच वेळ उशीत तोंड खुपसून हसलो. मग लिहिलं, "हो, जेवतो."

उद्या खारदुंग ला. निघायच्या आधी चेनला ल्यूब मारायचंय. मन्याच्याही. तो काही मारायचा नाही.