थकलेले ताळेबंद, एक हाफ मार्जिन आणि गोदाम

राज्य सरकारच्या एका महामंडळात मी लेखा शाखेत रुजू झालो तेव्हा तीन वर्षांचे ताळेबंद थकले होते. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून ती दरवर्षी भरायची आणि हिशेब तयार नाहीत म्हणून तहकूब व्हायची. चहा-बिस्किटं तेवढी वेळेवर.

आमचं महामंडळ म्हणजे सरकारी कंपनी, आणि अशा कंपनीला आपला ऑडिटर निवडता येत नाही. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३९(५) प्रमाणे तो कॅग, म्हणजे देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, नेमतात. त्याचा अहवाल झाला की महालेखापालांची, म्हणजे कॅगच्या राज्यातल्या कार्यालयाची, ऑडिट पार्टी पुन्हा दप्तर उघडू शकते; टिप्पणी द्यायला त्यांना ६० दिवस असतात. हे सगळं दरवर्षासाठी वेगळं. मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक पक्की झाल्याशिवाय पुढचं वर्ष बंद होत नाही.

पहिल्या थकीत वर्षाच्या तपासणीत हाफ मार्जिन आलं. अर्ध्या कागदावर त्यांचा प्रश्न, उरलेला अर्धा आमच्या उत्तरासाठी कोरा. 'अग्रिम – इतर' या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या, खात्यात १४ लाख ३० हजार वर्षानुवर्षं तसेच दिसतात, ते कोणाकडे आहेत? शाखेतल्या जुन्या मंडळींचा सल्ला ठरलेला : "'तपासून कळवण्यात येईल' लिही आणि दे."

मी तालुक्याच्या गोदामात जाऊन बसलो. जुनं दप्तर तिथेच होतं, लाल फडक्यात बांधलेलं, निम्मं वाळवीने खाल्लेलं. तिसऱ्या दिवशी व्हाउचर सापडलं. पैसे बांधकाम खात्याला दिले होते, गोदाम बांधायला. म्हणजे मी बसलो होतो तेच गोदाम! इमारत कित्येक वर्षं वापरात, पुस्तकात मात्र अजून अग्रिमच. मालमत्तेत घेतली तर इतक्या वर्षांचा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, एकदम लावावा लागणार आणि तोटा फुगणार. साहेबांचा चेहरा पडला, पण विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीपुढे साक्षीला त्यांनाच उभं राहायचं होतं. नोंद दुरुस्त झाली.

मग सहीच्या तोंडावर साहेबांची बदली झाली. नवे म्हणाले, "हे वर्ष माझ्या काळातलं नाही." त्यात दहा आठवडे गेले.

पहिलं वर्ष शेवटी निरंक टिप्पणीसह, म्हणजे एकही शेरा न येता, सुटलं. पेढे वाटले. पुढच्या वर्षाची पार्टी आली आणि दुसऱ्याच दिवशी टेबलावर नवं हाफ मार्जिन : गोदामाच्या जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?