दम

खंबाटकीच्या घाटात कांद्याने भरलेला टेंपो मला मागे टाकून गेला, तेव्हा मला तो टेंपोवाल्याचा आगाऊपणा वाटला. पोत्यांवर एक पोरगा आडवा पडला होता. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला, मीही हलवला. माझा अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलाय, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हतेय आणि काटा चाळिसाच्या वर जायला तयार नाही, हे त्याला कुठून कळणार?

खरं तर मलाही कुठे कळलं होतं. चौदा वर्षांची डिझेल गाडी, पुढच्या वर्षी पुन्हा पासिंगला न्यायची. तिची ताकद एका रात्रीत गेली असती तर मी दुसऱ्या दिवशी बोंब मारली असती. पण ती रोज चिमूट चिमूट गेली आणि तेवढाच मी बदलत गेलो. चढ दिसला की एसी बंद. वळणाच्या आधीच गिअर खाली. पुढे ट्रक असला की ‘जाऊ दे, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय’ असं म्हणून त्याच्या मागे मागे. गंमत म्हणजे हा वयाबरोबर आलेला समंजसपणा आहे, अशी माझी समजूत होती. बायकोनेही दोनदा कौतुक केलं होतं.

दिवाळीत भाचा आला. तो याच गाडीवर शिकला, पण दोन वर्षांत त्याने तिला हात लावला नव्हता. फटाके आणायला म्हणून किल्ली घेऊन गेला आणि परत आल्यावर पिशवी ठेवायच्या आधी म्हणाला, “मामा, हिला काय झालंय? ओढतच नाही.”

“जुनी झाली रे,” मी म्हणालो.

हे उत्तर देऊन झाल्यावर मात्र मलाच ते खुपायला लागलं. जुनी झाली म्हणजे काय झालं? काही झिजलं, काही चोंदलं, काही फाटलं, की काही अडकलं? म्हातारपण हे काही स्कॅनरवर येणारं कारण नव्हे.

निदान करणाऱ्यांची आपल्याकडे ददात नसते. पार्किंगमध्ये बोनेट उघडं दिसलं की माणसं गोळा होतात. एकाने डिझेलमध्ये पाणी असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने चारही इंजेक्टर गेल्याचं. तिसरे क्लच प्लेटवर ठाम होते. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी जागच्या जागी राहते, एवढं मला ठाऊक होतं. आमच्याकडे फेरेच वाढत नव्हते. एका चकचकीत वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, पडद्यावर पी ०२९९ असा कोड आला. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब अपेक्षेपेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. पण टाय लावलेल्या मुलाने तो वाचला आणि म्हणाला, “टर्बो बदलावा लागेल, सर.” त्याने लिहून दिलेला आकडा गाडी विकून जेवढे आले असते त्याच्या निम्म्याहून जास्त होता. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. कात्रजला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे.

मिस्त्रींनी बोनेट उघडलं नाही, स्कॅनरही काढला नाही. प्रश्न विचारले. कितव्या गिअरला मरते? थंड असताना की तापल्यावर? धूर कसला? पांढरा, निळा की काळा? निळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर कूलंटचं पाणी आत शिरतंय. आमचा काळा होता. चढाला आरशात मागचा रस्ता धूसर दिसायचा, तो मी आजवर धुक्यात आणि दुसऱ्यांच्या गाड्यांत खपवला होता.

“काळा म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी,” मिस्त्री म्हणाले. “हिला दम पुरत नाही, साहेब.”

दम. आपल्या भाषेत श्वासही तोच आणि ताकदही तीच. जिना चढून दम लागतो, आणि ‘त्याच्यात दम आहे’ असंही आपण म्हणतो. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलला ठिणगीच नसते. तिथे हवा १६ ते १८ पट दाबतात. त्या दाबाने ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, त्याचाच हा थोरला भाऊ. म्हणजे डिझेल गाडीचा खरा जीव हवेत. डिझेल काय, दुसरंही काही चालतं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. (आजचा डब्याचा भाव बघता तो प्रयोग आमच्या घरी कुणी करू नये.)

मिस्त्री स्वतः चालवायला बसले. “एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि आता बोलू नका.” कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरला १५०० फेऱ्यांवर गाडी आणली आणि पाय पूर्ण दाबला. एरवी दोन हजारांच्या आसपास टर्बो जागा होतो आणि पाठीला सीटचा धक्का जाणवतो. इथे धक्क्याऐवजी बोनेटखालून आवाज आला. फुस्स. प्रेशर कुकरची रिंग सरकल्यावर येतो तसा. मिस्त्रींनी पाय काढला, आवाज गेला. पुन्हा दाबला, पुन्हा फुस्स. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. माझा जीव मात्र त्या टर्बोच्या आकड्यात अडकला होता.

“टर्बो ठणठणीत आहे. तो हवा देतोय. मधेच कुणीतरी खातंय.”

टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारा जाड रबरी होज पाइप. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने खालून हात घातला, पाइप चाचपला आणि बाहेर काढलेली बोटं काळ्या तेलाने माखलेली होती. पाइपला खालच्या अंगाला बोटभर चीर होती. ऑइलची वाफ लागून लागून रबर मऊ पडलं होतं. गाडी उभी असताना चिरेचे ओठ मिटलेले, वर्कशॉपमध्ये बघून काय दिसणार? चढावर आत दाब आला की ते उघडायचे. इतक्या दिवसांत ही चीर रोज केसभर वाढत असणार.

मग काळा धूर का, हे मी विचारलं. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसवलेला असतो. त्याच्या हिशेबाने हवा आत गेली. मिस्त्रींनी ते वेगळ्या शब्दांत सांगितलं: “दारात मोजली शंभर माणसं, तेवढ्यांचा भात टाकला. तीस जण मागच्या दाराने निघून गेले. उरलेला भात करपणार नाहीतर काय?” आमच्या गाडीच्या मागे दोन वर्षं तोच भात रस्त्यावर सांडत होता.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण जुन्या गाडीला एकच दुखणं कधीच नसतं. एअर फिल्टर काढला तर त्यात उंदराने आणलेली शेंगांची टरफलं, कडुलिंबाचा पाला आणि मातीचा कागदासारखा थर. मागच्या सर्व्हिसला तो ‘बदलला’ असल्याचं बिल माझ्याकडे आहे. मग ईजीआर व्हॉल्व्ह. धुराचा काही भाग प्रदूषण कमी करायला परत इंजिनात सोडणारं ते झाकण. कार्बन धरून ते अर्धवट उघडंच अडकलं होतं. म्हणजे गाडी आधीच अपुरा श्वास घेत होती आणि त्यातही स्वतःचाच धूर. पोराने तो व्हॉल्व्ह रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने घासला, तेव्हा निघालेला चिखल डांबरापेक्षा वेगळा दिसत नव्हता. संध्याकाळी सगळा खर्च मिळून टर्बोच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही झाला नाही. फाटका पाइप मी मागून घेतला. डिकीत आहे. का, ते विचारू नका.

पुढच्या रविवारी साताऱ्याला निघालो. खंडाळा मागे पडलं, घाट समोर आला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये साठने, न कुरकुरता चढायला लागली. पहिल्या वळणाला माझा हात सवयीने डॅशबोर्डकडे गेला आणि मी एसी बंद केला.

बायकोने खिडकीतून नजर न हलवता तो पुन्हा लावला.