मुंबई आ गया, साहब!

डिसेंबरात उत्तरेकडून परतताना गाडी पहाटे इगतपुरीला टेकते. डब्यात वेगवेगळ्या पट्टीतलं घोरणं चाललेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच पायाकडून कोणीतरी चादर ओढतं. "साहब, बेडरोल दे दो, मुंबई आ गया." मुंबई आलेली नसते. इगतपुरी ते सीएसएमटी १३६ किलोमीटर आहे, ठाणं धरलं तरी शंभराच्या वर. मध्ये अख्खा कसारा घाट उतरायचा असतो. ३७ फुटांना एक फूट असा तो उतार, त्यामुळे गाडी ब्रेक सांभाळत सावकाश येते. म्हणजे दोनेक तासांची झोप अजून हक्काची असते, आणि ती चादरींच्या मोजणीपायी जाते.

हे दोन तास मी जरा जास्तच मनाला लावून घेतलेत, कबूल आहे. गाडीचं नाव घेत नाही. घेतलं तर बाकीच्या गाड्या उगाच निर्दोष ठरतील. पण गाडीतल्या सेवेची तुलना करायला ठाणे-पनवेलसारखी जागा नाही. मुंबईहून जाताना इथे गाडी सुटून अर्धा-एक तास झालेला असतो. टाक्या भरलेल्या, चादरी कडक, माणसं ताजीतवानी. येताना तोच डबा हजार-दीड हजार किलोमीटर धावून, पार पिळून निघालेला आपल्या वाट्याला असतो. माणसंही तीच, कंत्राटही तेच, पण गाडी दुसरीच वाटावी इतका फरक. म्हणून नुसत्या जातानाच्या प्रवासावरून कुठल्याही गाडीला चांगलं म्हणू नये, या मताला मी आलोय.

आधी चादरींचा हिशेब. एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन बनावटीच्या, थर्ड एसी डब्यात ७२ बर्थ. प्रत्येकाला दोन चादरी, एक उशी, उशीचा अभ्रा, नॅपकिन आणि ब्लँकेट. म्हणजे एका डब्यामागे १४४ चादरी, ७२ अभ्रे, ७२ नॅपकिन धुलाईला परत जायचे असतात. वाटेत चढणारे-उतरणारे धरले तर आकडा आणखी वाढतो. हे सगळं गोळा करायचं, मोजायचं आणि गाठोडी बांधायची, तेही गाडी यार्डात जायच्या आत. कमी भरलं तर ते बहुतेक वेळा चादरी वाटणाऱ्या अटेंडंटच्या पगारातून कापलं जातं. आणि कमी भरतंच. २०१७-१८ या एका वर्षात एकट्या पश्चिम रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतून सुमारे १ लाख ९५ हजार टॉवेल आणि ८१ हजारांहून जास्त चादरी चोरीला गेल्या होत्या. त्यामुळे नॅपकिन पाकिटातून आधीच काढून ठेवायचा आणि मागेल त्यालाच द्यायचा, ही युक्ती जवळजवळ सगळ्या गाड्यांत दिसते. मागितला की मिळतो. न मागणाऱ्यांचे नॅपकिन आयतेच वाचतात.

एवढं समजलं की चादर ओढणाऱ्याचा राग निम्मा उतरतो. उरलेला निम्मा ब्लँकेटसाठी शिल्लक ठेवावा. चादरी दर फेरीला धुतल्या जातात, ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा. नोव्हेंबर २०२४मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेतच तसं सांगितलंय. म्हणजे ब्लँकेट त्या दिवशीच्या धुलाईच्या गाठोड्यात जाणारच नसतं, घडी करून डब्यातच राहायचं असतं. मग इगतपुरीच्या थंडीत ते ओढायची घाई कशाला? तर ते सगळ्यात वर असतं आणि ते ओढलं की माणूस उठतो, म्हणून.

यावर तोडगा आहे आणि तो रात्रीच करायचा. झोपण्याआधी अटेंडंटला गाठून सांगायचं, "दादा, बी-चार, सतरा नंबर, ठाण्याला उतरणार. कल्याणला सगळं घडी करून देतो." बर्थ नंबर आणि स्टेशन दोन्ही सांगितलं तर चांगला अटेंडंट यादीवर खूण करतो आणि पहाटे तुम्हाला वगळून पुढे जातो. जो सरसकट सगळ्यांना उठवतो, त्याला आपल्या डब्यात कोण कुठे उतरणार हेच माहीत नसतं. माझ्या लेखी अटेंडंटची परीक्षा इथेच होते. हसून बोलणं, सलाम ठोकणं यावर मी मार्क देत नाही. पहाटे इगतपुरीला, आणि कोकणातून येताना रोहा सुटल्यावर, तो कोणाला उठवतो आणि कोणाला झोपू देतो तेवढं बघतो.

बेडरोलचं पाकीट खाकी कागदाचं आणि चिकटवलेलं हवं. फाटकं किंवा उघडं असेल तर चादर उलगडून बघायची. इस्त्रीची घडी करकरीत असते. हाताने घातलेली घडी मऊ असते आणि कडा जुळत नाहीत. अशी चादर बहुधा आधीच्या स्टेशनवर उतरलेल्या माणसाची असते. भांडू नका, "सील वाला पॅकेट दो" एवढंच म्हणा. मिळतं. कोविडमध्ये मे २०२० पासून बेडरोल बंदच होते, ते मार्च २०२२मध्ये परत आले. मधल्या काळात लोक घरून चादरी नेत होते. काही जणांनी ती सवय सोडलेली नाही, आणि त्यांना मी आता हसत नाही.

पॅन्ट्रीचा प्रकार वेगळा. तिथे माणूस कसा वागतो हे त्याला पगार मिळतो की विक्रीवर कमिशन, यावर ठरतं. कमिशनवाला ओळखायला सोपा. पहाटे साडेपाचला दिवे बंद असताना "चाय, चाय, गरम चाय" ओरडत डबा पार करतो आणि दहा मिनिटांत परत येतो. पण बोलावलं की थांबतो, सुटे पैसे देतो, वरच्या बर्थपर्यंत कप पोचवतो. प्रीमियम गाडीत जेवणाचे पैसे तिकिटातच गेलेले असतात. तिथला माणूस ओरडत नाही, पण दुसऱ्यांदा हाक मारली तर ऐकूही येत नाही त्याला. दोन्हींत मला कमिशनवालाच बरा वाटतो. त्याची लबाडी निदान भावात असते, आणि भाव तपासता येतात.

मेल-एक्स्प्रेसमध्ये साधा चहा ५ रुपये, १५० मिलीलीटर. त्याने १० मागितले तर टी-बॅग दिसली पाहिजे. टी-बॅग नसेल तर वरचे ५ त्याचे. शाकाहारी थाळी ८० रुपये. त्यात भात १५० ग्रॅम, दाट डाळ किंवा सांबार १५० ग्रॅम, भाजी १०० ग्रॅम, दही ८० ग्रॅम, दोन पराठे किंवा चार पोळ्या आणि लोणच्याची पुडी, असं ठरलेलं आहे. १२०-१३० सांगतात तेव्हा वर पनीरचे चार तुकडे टाकून "स्पेशल थाळी" म्हणतात. साधी थाळी "खत्म हो गया" असते. तेव्हा बिल मागायचं, हुज्जत घालायची नाही. बिलाचं मशीन "चार्जिंग को लगाया है" असं उत्तर आलं की साधी थाळी पाच मिनिटांत सापडते. रेल नीर या रेल्वेच्या पाण्याची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. वरचा रुपया परत मागायची मला लाज वाटते, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

राजधानी-शताब्दीत गंमत उलटी. तिकीट काढताना जेवण नको म्हटलं आणि गाडीत मन बदललं तर प्रत्येक जेवणामागे ५० रुपये जास्त पडतात. सेकंड-थर्ड एसी आणि चेअर कारला नाश्ता १०५चा १५५, जेवण १८५चं २३५. चहाला ही वाढ नाही, २०चा २०च. लोक भांडतात ते नेमके नाश्त्यावरून आणि तेही वेटरशी, ज्याच्या हातात यातलं काहीच नसतं. शेवटी बडीशेपेची ताटली फिरते, तीत आधीच शंभराची नोट ठेवलेली असते. टीप मागायला बंदी आहे. ताटली मागत नाही, नुसती समोर थांबते.

मुंबई-मडगाव मांडवी एक्स्प्रेसबद्दल मात्र मी पक्षपाती आहे. ठाण्याला सकाळी चढलं की दिवा-पनवेलपर्यंत कटलेट येतं, मग बटाटेवडा, मेदूवडा, भजी, दुपारकडे चिकन लॉलीपॉप, गुलाबजाम. पदार्थ पॅन्ट्रीतून निघून डब्यात येईपर्यंत अजून चटका देत असतो, हे दुसऱ्या कुठल्या गाडीबद्दल मी छातीठोक सांगणार नाही. याचं कारण चव नाही, खप आहे. गाडी दिवसाची, डबे खाणाऱ्यांनी भरलेले. घाणा उतरला की संपतो, त्यामुळे शिळं उरायला जागाच राहत नाही. रात्रीच्या गाडीत आठला तळलेलं कटलेट दहापर्यंत फिरत राहतं. त्यात माणसाचा दोष कमी, वेळापत्रकाचा जास्त. एसीत बसलात तर पॅन्ट्री किती डबे लांब आहे ते बघून ठेवा. पॅन्ट्रीकडून येणारा ट्रे भरलेला असतो, परत जाणाऱ्या ट्रेत उरलंसुरलं.

वंदे भारतची तारीफ सगळेच करतात, मी थोडी कमी करतो. मडगावची गाडी जून २०२३ पासून ठाणे-पनवेल घेते. चेअर कारच्या डब्यात ७८ खुर्च्या आणि प्रत्येक डब्याची छोटी पॅन्ट्री. दोन जण ट्रॉली घेऊन एका टोकाकडून निघाले आणि ट्रेमागे अर्धं मिनिट धरलं, तरी शेवटच्या रांगेत नाश्ता पोचायला चाळीस मिनिटं लागतात. तोवर उपमा थंड. पॅन्ट्रीजवळच्या खुर्चीवर गरम मिळतो, पण दाराची ये-जा आणि भांड्यांचा आवाज सोसावा लागतो. घोटाळा होतो तो खुर्च्या बदलल्यावर. शाकाहारी-मांसाहारीची यादी खुर्चीच्या नंबरावर असते, नावावर नाही. कुटुंबाजवळ बसायला जागा बदललीत तर ट्रॉली यायच्या आधी जुना नंबर सांगा. नाहीतर तुमचं ऑम्लेट पलीकडच्या आजींसमोर जातं आणि सगळी ट्रॉली अडते. पाणी अर्ध्या लिटरचं देतात. दुसरी बाटली मागितली तर फुकट मिळते, एप्रिल २०२४ पासून तसा नियमच आहे. स्वतःहून कोणी सांगत नाही.

तरी या गाडीतली माणसं शेवटपर्यंत टवटवीत दिसतात, याचं कारण साधं आहे: त्यांना रात्र गाडीत काढायची नसते. लांब पल्ल्याचा अटेंडंट दाराजवळच्या कपाटात नाहीतर चादरींच्या गाठोड्यावर झोपतो, तोही मधली स्टेशनं सांभाळत. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून हास्याची अपेक्षा ठेवणं मला जमत नाही. वंदे भारत गाड्यांची टोकाच्या स्टेशनावरची साफसफाईही चौदा मिनिटांत उरकण्याची पद्धत ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झाली. येतानाही डबा बरा मिळतो तो त्यामुळे.

संडासाबद्दल थोडक्यात. हाउसकीपिंगची पाळी सकाळी सहा ते रात्री दहा. रात्री अकराला बोलावलं तर कोणी येईलच असं नाही. चांगला सफाईवाला जमीन धुतल्यावर पाणी ओढून कोरडी करतो. वाईट सफाईवाला सुगंध फवारून निघून जातो. वास दहा मिनिटांत उडतो, चिखल ठाण्यापर्यंत राहतो. बायो-टॉयलेट तुंबलं असेल तर मात्र त्याच्या हाती फारसं काही नसतं. आत कोणीतरी डायपर नाहीतर बाटली टाकलेली असते आणि ती बहुतेक वेळा डेपोतच निघते.

तक्रार रेलमदतवर किंवा १३९वर करायची, पण प्रकार नीट निवडून. पाणी संपलं असेल तर "स्वच्छता" निवडू नका. बिचारा सफाईवाला बादली घेऊन येतो, नळ सोडून बघतो आणि हात हलवत जातो. पाण्याचा, बेडरोलचा, खानपानाचा, विजेचा प्रकार वेगवेगळा आहे. एसी फार गार असेल तर अटेंडंटला सांगूनही उपयोग नाही, ते मेकॅनिकचं काम. पीएनआर, डबा, आणि "कल्याणच्या बाजूचं डावं टॉयलेट" इतकं नेमकं लिहिलं की पुढच्या मोठ्या स्टेशनवर कोणीतरी हजर होतं. मग "सर, फीडबॅक अच्छा दे देना" सुरू होतं. काम झालं असेल तर मी देतो. न होताच मागितला तर देत नाही, आणि नंतर ठाण्यापर्यंत मला उगाच अपराधी वाटत राहतं.

ठाण्याचा थांबा जेमतेम दोन-तीन मिनिटांचा, आणि तोवर जमा झालेल्या चादरींची गाठोडी एका दाराशी छतापर्यंत रचलेली असतात. त्यामुळे कल्याण सुटलं की आधी पॅसेजमध्ये जाऊन गाठोडी कोणत्या बाजूला आहेत ते बघून यायचं, मग सामान दुसऱ्या दाराकडे न्यायचं. चाकाची मोठी बॅग असेल तर मुंब्र्याच्या आधीच. नाहीतर चादरींच्या डोंगरावर चढून उतरावं लागतं, आणि वर बसलेला अटेंडंट तेव्हा गाढ झोपलेला असतो.