करपा, उधारी आणि आमचं दुकान : आमची वाटचाल

मंचरला आमचं कृषी सेवा केंद्र वडिलांनी 1994 ला टाकलं. तेव्हा मुख्य माल म्हणजे खत आणि बटाट्याचं बेणं. पंजाबातून ट्रक यायचे, सातगाव पठारावरची मंडळी पेरणीआधी कट्टे न्यायची आणि पैसे द्यायची दसऱ्याच्या पुढंमागं, बटाटा विकला की. बेणं उधार, खत उधार, औषध पण उधार. लोकांना वाटतं करपा, म्हणजे बटाट्याची पानं काळी पाडणारा रोग, आला की औषधवाल्याची दिवाळी, आता त्या आठवड्यात दुकानात उभं राहायला जागा नसते हे खरंय, पण रानात माल निघालाच नाही तर वहीतले आकडे कोण फेडणार? त्यामुळे शेतकऱ्याचा प्लॉट वाचला तरच आमचं दुकान चालतं, ह्यात समाजसेवा वगैरे काही नाही, सरळ हिशोब आहे.

पठारावरच्या पेठ, कुरवंडी ह्या गावांकडे ऑगस्टमध्ये गेलात तर कळेल, ढग रानात उतरलेले, दिवसभर भुरभुर, ऊन नावाला नाही, अंगाला गारवा. असं चार दिवस राहिलं की उशिराचा करपा आलाच समजा. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट हिरवा डाग, सकाळी लवकर पान उलटं करून बघितलं तर डागाच्या कडेनं पांढरी लव दिसते, ऊन आलं की ती जाते म्हणून दुपारी प्लॉट बघणाऱ्याला काही सापडत नाही. लवकरचा करपा म्हणून दुसरा रोग आहे, त्याच्या डागात गोल गोल रिंगा असतात आणि तो सावकाश चालतो, हा मात्र आठ-दहा दिवसांत अख्खं रान काळं करतो, वास पण सुटतो. आयर्लंडमध्ये 1845 पासून ह्याच रोगानं बटाटा गेला आणि दुष्काळात दहा लाखाच्या आसपास माणसं मेली.

आमच्याकडे येऊन लोक सर्रास कार्बेन्डाझिम मागतात, बुरशीनाशक आहे ना मग द्या. पण हा रोग खऱ्या बुरशीचा नाही, ह्याचा जंतू फायटोफ्थोरा वेगळ्याच घराण्यातला आहे, त्याला कार्बेन्डाझिम लागूच पडत नाही. मी वडिलांबरोबर गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हापासून आम्ही एक नियम केला, गिऱ्हाइकानं पान आणायचं, पान बघूनच औषध. गर्दीत काही लोक चिडून शेजारच्या दुकानात जातात, जाऊ द्या.

नंतर नारायणगावच्या टोमॅटोमुळे आम्ही रोपवाटिका पण सुरू केली, शेडनेट, कोकोपीट, प्रो-ट्रे. करपा तिथं पण पाठीमागे आलाच, एकच जंतू दोन्ही पिकांवर. टोमॅटोत खोडाला काळे पट्टे आणि हिरव्या फळावर तेलकट तपकिरी डाग, असं फळ व्यापारी हातात घेत नाही. म्हणून बटाट्याच्या प्लॉटला लागून टोमॅटो लावायचा असेल तर मी रोपं बुक करायच्या आधीच दोनदा विचारतो.

2010 च्या आसपास आणखी एक लफडं झालं. मेटालॅक्झिल हे करप्यावरचं औषध मारलं की आधी रोग हमखास थांबायचा, तो थांबेना. दक्षिणेत टोमॅटोवर ह्या जंतूचा 13 ए-2 नावाचा नवा प्रकार शिरला होता, त्याला मेटालॅक्झिल दाद देत नाही असं शास्त्रज्ञांनी शोधलं. तेव्हापासून आम्ही एकच औषध सलग देत नाही. ढग दिसले की डाग यायच्या आधी मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, पानाच्या खालून पण बसेल असं, आणि डाग दिसला तर सायमोक्झॅनिल किंवा डायमेथोमॉर्फ असलेलं, पुढच्या फवारणीला बदलून. स्वस्तातला मॅन्कोझेब वेळेवर गेला तर महागडा डबा विकायची वेळ येत नाही. आमच्या मार्जिनला ते थोडं बोचतं, पण दसऱ्याची वसुली बघितली की बरं वाटतं.

आता मुलगा व्हॉट्सअप ग्रुपवर रोज हवामान टाकतो, शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं वातावरणावरून करप्याचा अंदाज काढायची पद्धत बनवलीय, ती पण तो वाचत बसतो. ह्या वर्षीच्या बेण्याचं बुकिंग चालू झालंय. ट्रक उतरला की प्रत्येक लॉटमधले थोडे बटाटे आम्ही गिऱ्हाइकासमोर चिरून दाखवतो, आत लालसर तपकिरी सड दिसली तर तो लॉट परत.