बेचाळीस हजारांची पावती

सप्टेंबर सुरू झाला की आमच्याकडे लायझन ऑफिसांच्या फायली निघतात. परदेशी कंपनीच्या अशा ऑफिसला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत सीएचा दाखला द्यावा लागतो, की परवानगी मिळाली तेवढंच काम केलं. म्हणजे बाजाराची माहिती काढणं आणि ग्राहकाची मूळ कंपनीशी गाठ घालून देणं. इथे कमवायचं काहीच नाही. भाडं, पगार सगळं बाहेरून येणाऱ्या पैशातून.

पॅकिंग मशिनं विकणाऱ्या एका जर्मन कंपनीचं पुण्यातलं ऑफिस. बँक स्टेटमेंटवर पेन्सिल फिरवत होते. जमेला सगळे जर्मनीहून आलेले पैसे, आणि मधेच ४२,००० रुपये, चाकणच्या एका कारखान्याकडून. व्हाउचरच्या गठ्ठ्यात पावती सापडली. कंपनीच्या लेटरहेडवर, हाताने लिहिलेली: दुरुस्ती खर्च.

ऑफिस सांभाळणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना बोलावलं.

"मॅडम, त्यांची लाइन बंद पडली होती. रात्री गेलो, पहाटे चालू करून दिली. पैसे खिशात नाही घातले, खात्यातच भरले."

माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. तरी सही करता येईना. ती कमाई होती, म्हणजे फेमाचा, परकीय चलनाच्या कायद्याचा, भंग. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत. मला जास्त धास्ती इन्कम टॅक्सची होती: इथे धंदा चालतो असं एकदा ठरलं, की मशिनविक्रीच्या नफ्यातला इथला वाटा किती, हा प्रश्न उभा राहतो.

संध्याकाळी जर्मनीतल्या मालकांशी व्हिडिओ कॉल झाला. पैसे परत केले तर? झालेलं पुसलं जात नाही, मी म्हटलं. दाखल्यात खरं लिहायचं आणि कंपाउंडिंगचा, म्हणजे चूक कबूल करून रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज करायचा.

पुढे काय, हे खरं महत्त्वाचं. मशिन विकणाऱ्याला आज ना उद्या दुरुस्ती करावीच लागते, त्याने लायझन ऑफिसवर भागवूच नये, असं माझं ठाम मत आहे. ब्रँच काढली तर आपल्या मालाची तांत्रिक सेवा देता येते, पण परदेशी कंपनी म्हणून कर ३५ टक्के, आणि ब्रँचची देणी थेट मूळ कंपनीच्या डोक्यावर. इथेच प्रायव्हेट लिमिटेड काढली तर २२ टक्क्यांचा पर्याय घेता येतो. सरचार्ज आणि सेस हे करावरचे जादा आकार दोन्हीकडे त्याशिवाय. त्यांनी कंपनी निवडली.

दोन भागधारक आणि दोन डायरेक्टर हवेत, त्यांतला एक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा, असं सांगताच मालकांनी साहेबांचं नाव घेतलं. साहेबांचा चेहरा उजळला.

"आज हो म्हणू नका," मी त्यांना मराठीत म्हटलं. "पुढे नोटीस आली तर ती आधी तुमच्या दारात येईल. घरी बोलून घ्या."