मेनांद्रू रस्त्यावरचा मिलिंद

अथेन्समध्ये तूरडाळ संपली की मी ओमोनिया चौकात उतरते आणि मेनांद्रू रस्त्याला लागते. पाकिस्तानी, बांगलादेशी, आपल्याकडच्या माणसांची किराणा दुकानं एकाला एक लागून. हिंग, मेथी, सगळं मिळतं. जवळचे रस्ते सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांच्या नावाचे. हाही नाटककाराचाच, सुखात्मिका लिहिणाऱ्या मेनांद्रोसचा. 'मेनांद्रू' म्हणजे मेनांद्रोसचा, षष्ठी विभक्ती.

कित्येक महिने मी त्या पाटीखालून पिशव्या घेऊन गेले आणि माझ्या लक्षात आलं नाही की हे माझ्या भावाचं नाव आहे.

भाऊ मिलिंद. शब्दकोशात मिलिंद म्हणजे भुंगा, शाळेतही तेच सांगितलं होतं. पण बाबांनी नाव ठेवलं ते त्यांच्या कॉलेजावरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय. त्याच्या परिसराचं नाव नागसेनवन. हा मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सागल, म्हणजे सियालकोटहून राज्य करणारा यवन, म्हणजे ग्रीक, राजा मेनांद्रोस. पालीत त्याचा मिलिंद झाला.

नाव दोन शब्दांचं. 'मेनो' म्हणजे मी थांबतो, जागा सोडत नाही. 'आंद्रोस' हे 'आनेर'चं, म्हणजे पुरुष या शब्दाचं रूप. अलेक्झांडरमध्येही तोच आहे, आणि आपल्या 'नर'शी त्याचं मूळ एकच. पाय रोवून उभा राहणारा माणूस, असा अर्थ मी लावते. भुंग्यापेक्षा मला हाच आवडतो.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात हा राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे, तो सुरू होतो तोच नावावरून. राजा विचारतो, आपलं नाव काय? भिक्खू म्हणतात, मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव. त्यामागे वेगळा कुणी पुरुष सापडत नाही. मग रथाचा दाखला येतो: चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे. राजा शेवटी मान्य करतो. राजा असून प्रश्न विचारतो आणि पटलं की कबूल करतो, म्हणून बाबांना तो प्रिय.

त्याच्या नाण्यांवर एका बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस', म्हणजे महाराज, त्राता मेनांद्रोसचं, आणि दुसऱ्या बाजूला ग्रीकमध्ये हेच षष्ठीचं 'मेनांद्रू'. पाटीवरची नऊ अक्षरं जशीच्या तशी.

गेल्या रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर पाटी दाखवली. "जरा जवळ घे," म्हणाले. मग म्यूपासून, म्हणजे ग्रीक 'म'पासून, सुरुवात करून एकेक अक्षर त्यांनी माझ्या मागोमाग म्हटलं आणि मिलिंदला हाक मारली.